कारुसोची नेपल्सची गाणी : काही महिने ऐकल्यानंतर

इटालियन गायक एन्रिको कारुसो म्हटलं की लोकांना ऑपेरा आठवतो. मी मात्र गेले काही महिने त्याच्या ऑपेराकडे फारसा वळलो नाही. नेपल्स या दक्षिण इटलीतल्या शहराच्या बोलीतली त्याची गाणीच लावत आलो. अशी वीस-बावीस गाणी आहेत आणि त्यांतली बहुतेक १९०९ ते १९२० या काळात अमेरिकेत व्हिक्टर या तबकड्यांच्या कंपनीसाठी ध्वनिमुद्रित झाली. वॉर्ड मार्स्टन यांनी जुन्या तबकड्यांवरून कारुसोचं सगळं ध्वनिमुद्रण नव्याने उतरवलं आणि नॅक्सॉस या कंपनीने ते बारा खंडांत काढलं. मी ऐकतो ते हेच. माझं मत आधीच सांगतो: कारुसोचा आवाज जवळून ऐकायचा असेल तर सुरुवात या गाण्यांपासून करा, आणि खरखर पुसून ‘स्वच्छ’ केलेल्या आवृत्त्यांच्या वाटेला जाऊ नका.

खरखर आहेच, आणि पहिल्या काही दिवसांत ती चांगलीच खुपते. पण बालगंधर्वांच्या जुन्या तबकड्या ज्यांनी ऐकल्या आहेत त्यांना हे नवीन नाही. कान हळूहळू तिच्या पलीकडचं ऐकायला शिकतो. मायक्रोफोनवरचं ध्वनिमुद्रण १९२५ मध्ये सुरू झालं आणि कारुसो १९२१ मध्येच गेला, त्यामुळे त्याची प्रत्येक तबकडी कर्ण्यासमोर गायलेली आहे. कर्ण्यातून आलेल्या आवाजाने पडदा थरथरायचा आणि त्याला जोडलेली सुई मेणावर रेघ कोरायची. बस्स, एवढंच यंत्र. साधारण २५० ते २५०० हर्ट्झ एवढ्या पट्ट्यातलाच आवाज नीट पकडला जाई. वाद्यवृंदाचे त्यात हाल व्हायचे. डबल बास हे खर्जातलं तंतुवाद्य उमटत नसे म्हणून त्याच्या जागी ट्यूबा हे पितळी वाद्य फुंकायचे, आणि व्हायोलिनला कर्णा लावलेला असायचा. मँडोलिनची नाजूक किणकिण ऐकायची हौस असेल तर इथे निराशा होईल. पण पुरुषाचा भरदार आवाज या पट्ट्यात छान बसतो, आणि कारुसोचा तर असा बसला की त्याच्यामुळे घरोघरी ग्रामोफोन गेले असं म्हणतात.

कारुसोचं ग्रामोफोन कंपनीसाठीचं ध्वनिमुद्रण सुरू झालं १९०२ च्या एप्रिलमध्ये, मिलानच्या एका हॉटेलातल्या खोलीत. फ्रेड गाइसबर्ग नावाच्या ग्रामोफोन कंपनीच्या माणसाने त्याच्याकडून दहा गाणी शंभर पौंडांत गाऊन घेतली. हाच गाइसबर्ग त्याच वर्षी कलकत्त्याला पोहोचला आणि नोव्हेंबरमध्ये त्याने गायिका गौहरजानचं गाणं मुद्रित केलं. आपल्याकडच्या तबकड्यांचा इतिहास आणि कारुसोचा इतिहास एकाच माणसाच्या सामानातून प्रवास करत होता, हे कळल्यापासून ही गाणी मला परकी वाटेनाशी झाली.

आता गाण्यांकडे येतो. सगळ्यांत जास्त वेळा लावलेलं गाणं म्हणजे ‘कोरे न्ग्रातो’. नाव नेपल्सचं, बोली नेपल्सची, पण जन्म अमेरिकेतला. कार्दिल्लो आणि कोर्दिफेर्रो या स्थलांतरित इटालियनांनी ते १९११ मध्ये रचलं आणि त्याच वर्षी कारुसोने गायलं. न्यूयॉर्कमध्ये तेव्हा दक्षिण इटलीहून आलेल्या मजुरांची वस्ती फुगत चालली होती, आणि घर सोडून आलेल्यांसाठी गाणारा हा माणूसही त्यांच्यातलाच. ऐकताना सुरुवातीकडे लक्ष द्या. ‘कातारी’ अशी प्रेयसीला हाक तो मारतो तेव्हा जोर लावत नाही, गाण्याची हाक आणि बोलण्यातली हाक यांच्या मधेच कुठेतरी ती ठेवतो. कडवं कोमल गंधाराच्या अंगाने जातं. ध्रुवपद सुरू होतं आणि गंधार शुद्ध होतो. सूर उजळतो, पण शब्द मात्र तिथेच जास्त कडवट होतात: तू माझं आयुष्य घेतलंस आणि आता माझा विचारही करत नाहीस. दुसरा एखादा गायक इथे आवाज मोकळा सोडून टाळ्या घेईल. कारुसो स्वर वर नेतो, पण एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना मींड घेतो आणि श्वास शब्दाच्या अर्थाप्रमाणे तोडतो. नाट्यपद ऐकायची सवय असलेल्याला ही जागा लगेच सापडेल.

दुसरं, ‘फेनेस्ता के लुचिवे’, १९१३ चं. एके काळी उजळलेली खिडकी आता अंधारी आहे. प्रियकर विचारतो, आणि बहीण सांगते की ती गेली, तिला पुरलंही. चाल फार जुनी. बेल्लिनी या ऑपेराच्या संगीतकाराच्या नावावरही ती सांगितली जाते. कारुसो इथे जवळजवळ काही करत नाही. लय संथ, आवाज जड, हरकती नाहीत, हुंदका नाही. मला हे त्याच्या सगळ्या गाण्यांत सर्वांत मोठं वाटतं. रात्री उशिरा लावू नका एवढंच सांगेन, झोप लागत नाही.

‘ओ सोले मिओ’विषयी मात्र थोडं बेतानेच बोलतो. १९१६ चं हे मुद्रण चांगलं आहे, खणखणीत आहे, पण इतक्या जणांचं ऐकून झाल्यामुळे माझ्या कानाला त्यातलं नवेपण उरलेलं नाही. गाण्यामागची हकीकत मात्र माहीत असावी. कापुर्रोने शब्द लिहिले. दी कापुआने चाल बांधली १८९८ मध्ये, तीही दौऱ्यावर असताना, काळ्या समुद्राकाठच्या ओडेसात. जगभर गाजलेल्या या गाण्याने दोघांनाही श्रीमंत केलं नाही. दोघेही गरिबीतच गेले. आणि मात्सुक्की या दुसऱ्या संगीतकाराला सहरचनाकार म्हणून मान्यता मिळाली ती थेट २००२ मध्ये, तूरिनच्या न्यायालयात.

उच्चारांबद्दल एक गोष्ट. नेपल्सच्या बोलीत शब्दाच्या शेवटचा स्वर पुसट होतो, जवळजवळ गिळलाच जातो. शुद्ध इटालियनमध्ये शिकलेले गायक हे स्वर नीट वाजवून गातात आणि गाणं कोटटाय घालून उभं राहतं. कारुसो नेपल्समध्येच १८७३ साली गरीब घरात जन्मला, हीच त्याच्या घरची भाषा. तो शेवटचे स्वर सोडून देतो आणि तरी शब्द कळतो. ऑपेरा-गायक पाव्हारोत्तीचा १९७९ चा या गाण्यांचा अल्बम मला मनापासून आवडतो. तो आवाज म्हणजे नुसतं ऊन. पण तो मोदेनाचा, उत्तरेकडचा. लागोपाठ ऐकलंत तर फरक शेवटच्या स्वरांतच दिसेल.

मजा बघा, ज्या गावाची बोली त्याने अशी जपली त्या गावाशी त्याचं फारसं जमलं नाही. १९०१ च्या अखेरीस सान कार्लो नाट्यगृहात तो गायला आणि स्वागत थंड झालं. त्यानंतर त्याने नेपल्समध्ये पुन्हा कधी ऑपेरा गायला नाही. सप्टेंबर १९२० मध्ये अमेरिकेतल्या कॅमडेन इथे त्याने शेवटची ध्वनिमुद्रणं केली, त्यांत ‘मला नेपल्स आठवतं’ अशा अर्थाचं एक गाणं आहे. आवाज तोवर खूप खाली उतरलेला, गडद. त्याच डिसेंबरात ब्रुकलिनच्या रंगमंचावर त्याच्या तोंडातून रक्त आलं, आणि पुढच्या ऑगस्टमध्ये तो नेपल्समध्येच वारला. १९०९ चं ‘मम्मा मिया, के वो सापे’ आणि हे नेपल्सच्या आठवणीचं गाणं पाठोपाठ लावा. अकरा वर्षांत आवाजाचं काय झालं ते दुसरं कुणी समजावायची गरज उरणार नाही.

आता तक्रारी. खंड कालक्रमाने लावलेले असल्यामुळे ही गाणी ऑपेराच्या पदांमध्ये विखुरली आहेत. स्वतःची यादी बनवावी लागते. तबकडीवर तीन-चार मिनिटंच मावत, म्हणून काही गाण्यांची सगळी कडवी नाहीत. अर्थ कळल्याशिवाय निम्मं गाणं हातातून निसटतं, तेव्हा शब्द आणि भाषांतर समोर ठेवूनच ऐका. एका स्ट्रीमिंग अ‍ॅपवर मला खरखर पुसलेली आवृत्ती मिळाली होती. तिच्यात ‘स’ आणि ‘च’ची धार गेली होती आणि आवाज उशीखालून आल्यासारखा झाला होता. शिवाय वेगही चुकलेला. तबकडी मिनिटाला चार-साडेचार फेरे जास्त फिरली की गाणं जवळजवळ अर्ध्या स्वराने चढतं, आणि कारुसोचा भारदस्त आवाज पोरसवदा होतो. दोन आवृत्त्या हार्मोनियमशी ताडून पाहिल्या तेव्हा हे स्पष्ट कळलं. त्याच्या आवाजाखाली नवा वाद्यवृंद भरलेले प्रयोगही निघाले आहेत. मला ते रुचले नाहीत, कारण तो त्या वाद्यांशी बोलत नाही, मूळच्या वाद्यांशी बोलतो.

हेडफोन टाळा. मुद्रण मोनो आहे, खरखर डोक्याच्या मधोमध बसते. एखादा लहान स्पीकर चार-पाच फुटांवर ठेवा, आवाज मध्यम, आणि एका बैठकीत तीन-चारच गाणी. आठवडाभरात रुळाल.

कारुसो पचल्यावर रोबेर्तो मुरोलो ऐका. तो काही ऑपेराचा गायक नव्हे. नेपल्सच्याच एका कवीचा मुलगा, गिटार घेऊन हळू आवाजात हीच गाणी गायचा. मी सध्या एकच गाणं आधी मुरोलोचं, मग कारुसोचं असं ऐकतो, आणि दर वेळी आधी मुरोलो लावलेला बरा पडतो. चाल डोक्यात पक्की बसते आणि मग कारुसो तिचं काय करतो तेवढंच ऐकायचं उरतं.