पिकअपच्या एक्सलला कंपनीचा पार्ट की बाहेरचा: दोन्ही घालून बघितले, हे माझं मत

माझी पिकअप फोर बाय फोर आहे, मागे सरळ एक्सल, पुढे दोन्ही बाजूंना वेगळे शाफ्ट, आणि गाडी शोभेला नाही, लोड ओढते. मागच्या चाकातून घूं घूं आवाज यायला लागला आणि त्याच सुमारास पुढच्या शाफ्टच्या सांध्यावरचं रबरी आवरण, म्हणजे बूट, फाटून सगळं ग्रीस रिमवर उडालं, त्यामुळे दोन्हीकडचं काम एकदमच काढलं. काही पार्ट कंपनीचे घातले, काही बाहेरचे.

बेअरिंगला कंपनीच्या डब्याचे जास्तीचे पैसे मी देणार नाही. गाडी बनवणारे बेअरिंग स्वतः थोडीच बनवतात, ते टिमकेन, एसकेएफ, एनटीएन, कोयो अशांकडूनच घेतात, म्हणून जुन्या बेअरिंगवरचा नंबर पुसून वाचायचा आणि त्याच नंबरचं थेट बेअरिंगवाल्याच्या डब्यातलं घ्यायचं. फक्त नकली माल भरपूर फिरतो, एसकेएफने तर खरं-खोटं तपासायला ॲपच काढलंय, तेवढं बघून घ्या.

पण बेअरिंग घ्यायच्या आधी शाफ्ट बघा. बऱ्याच सेमी-फ्लोटिंग एक्सलमध्ये (हा प्रकार काय ते पुढे सांगतो) बेअरिंगचे रोलर थेट शाफ्टवरच फिरतात, तिथे खाचा पडल्या असतील, नख अडकत असेल, तर कितीही भारी बेअरिंग घाला, आवाज परत येणार. आणि नवीन शाफ्ट घ्यायचाच झाला तर एकदम स्वस्तातला नको, कारण सेमी-फ्लोटिंगमध्ये गाडीचं वजनही शाफ्टच पेलतो, तो तुटला तर चाकासकट बाहेर येऊ शकतो. फुल-फ्लोटिंगला ती भीती नाही, तिथे वजन हबवर असतं आणि शाफ्ट नुसता फिरवायचं काम करतो.

ते क्रोमोलीचे, म्हणजे 4340 या मिश्र स्टीलचे शाफ्ट येतात ना, ते खरंच दणकट असतात, त्यात वाद नाही. पण मोठे टायर, लॉकर (दोन्ही चाकं एकत्र फिरवणारी यंत्रणा), दगडधोंड्यात गाडी घालणं असलं काही असेल तरच त्याचा उपयोग. साध्या टायरवर लोड मारणाऱ्याला कंपनीचा इंडक्शन हार्डन केलेला शाफ्ट पुरतो, वरून कडक आणि आतून चिवट. शिवाय शाफ्ट मजबूत केला की पुढचा दणका डिफरन्शियलला (एक्सलच्या मधल्या गिअरच्या डब्याला) बसतो, आणि ते काम शाफ्टपेक्षा महाग.

ऑइल सील मात्र कंपनीचंच घ्या. त्यात वाचून वाचतं किती? गळलं की गिअर ऑइल ब्रेक शूवर जातं, शू बाद, आणि मजुरी पुन्हा पहिल्यापासून. (सील सारखं सारखं गळत असेल तर आधी एक्सलच्या हाउसिंगचा ब्रीदर, म्हणजे हवा बाहेर जायची वाट, बघा, चिखलाने बुजला की आतली हवा तापून ऑइल सीलमधून बाहेर ढकलते, आणि शिव्या बिचाऱ्या सीलला पडतात.)

आता पुढचा सीव्ही शाफ्ट, म्हणजे पुढच्या चाकाला फिरवणारा सांधेवाला शाफ्ट, इथे बाहेरच्या पार्टने मला चांगलाच त्रास दिला. अख्खा नवीन शाफ्ट, चकाचक, लाइफटाइम वॉरंटी वगैरे, ब्रँडचं नाव घेत नाही. बसवला आणि गाडी वेग घेताना थरथरायला लागली, स्टिअरिंगपर्यंत जाणवायचं. वॉरंटीत दुसरा मिळाला, तोही तसाच, आणि वॉरंटीत पार्ट मिळतो हो, खोलून बसवायची मजुरी कोण देतं? शेवटी मिस्त्रीने बाजूला ठेवलेला जुना ओरिजिनल शाफ्टच साफ केला, नवीन ग्रीस, नवीन बूट, आणि तोच परत घातला, थरथर गेली. वळताना कट कट आवाज येत नसेल आणि सांध्यात माती शिरली नसेल तर ओरिजिनल शाफ्ट मोडीत घालूच नका, नुसतं बूट किट घ्या. बूट किट बाहेरचं चालतं, माझंही बाहेरचंच आहे, बूट मऊ आहे आणि क्लिप घट्ट बसते, बास.

क्राउन-पिनियन, म्हणजे डिफरन्शियलमधली मुख्य गिअरची जोडी, मी बदललेलं नाही, पण खोललंच होतं म्हणून चौकशी करून ठेवली. ते जोडीने लॅप केलेलं, म्हणजे एकमेकांवर घासून जुळवलेलं असतं, एक नवा एक जुना असं चालत नाही. कंपनीचा सेट किंवा डाना स्पायसरसारख्या एक्सलवाल्याचा सेट, दोन्ही ठीक, तिथे डब्यापेक्षा बसवणाऱ्याचा हात महत्त्वाचा. बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) डायल गेज लावून मोजतो का, दातांवर रंग लावून पॅटर्न बघतो का, क्रश स्लीव्ह (पिनियनवरची, आवळली की दबणारी नळी) नवीन घालतो का, एवढं विचारा. जुनीच स्लीव्ह परत आवळतो म्हणाला तर गाडी तिथून काढा. नंतर साधारण 800 किलोमीटर जड लोड टाकायचा नाही आणि मग ऑइल बदलायचं.

आणि बाहेरचा शाफ्ट घेताय तर मॉडेलच्या नावावर जाऊ नका, जुना शेजारी ठेवून लांबी, स्प्लाइन (शाफ्टच्या टोकावरच्या खाचा), एबीएस सेन्सर ज्यावरून वेग वाचतो त्या रिंगचे दात सगळं मोजा. फोर्डच्या 8.8 इंची एक्सलमध्येच 28 आणि 31 स्प्लाइन असे दोन्ही शाफ्ट आलेत. रिंगचे दात चुकले तर गाडी चालते, पण एबीएसचा दिवा पेटतो आणि मग लोक उगाच सेन्सर बदलत बसतात.