फुकटचं व्हीपीएन, विकतचं व्हीपीएन की काहीच नको? कोकणातल्या घरासाठी एक तुलना

व्हीपीएन म्हणजे तुमची इंटरनेटवरची ये-जा झाकून दुसऱ्या कंपनीमार्गे नेणारी सोय. 'गूगल वन' या जास्त साठवणीच्या वर्गणीसोबत मिळणारं व्हीपीएन गूगलने २० जून २०२४ रोजी बंद केलं. ऑक्टोबर २०२० मध्ये अमेरिकेत फक्त २ टीबी किंवा त्याहून मोठा प्लॅन घेणाऱ्यांना ते मिळायचं. मार्च २०२३ मध्ये सगळ्या प्लॅनवाल्यांना खुलं झालं आणि सव्वा वर्षात संपलं. लोक वापरतच नाहीत, असं कारण कंपनीने दिलं. पुढच्या वर्षी २८ फेब्रुवारी २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने आपल्या सुरक्षेच्या डिफेंडर अ‍ॅपमधलं व्हीपीएन काढलं. हे व्हीपीएन वर्ड-एक्सेलच्या 'मायक्रोसॉफ्ट ३६५' वर्गणीत मिळत होतं, आणि त्या वर्गणीचे दर अमेरिकेत त्याच जानेवारीत महिन्याला ३ डॉलरने वाढले होते. पैसे जास्त घेतले आणि एक सोय काढून घेतली, असं ग्राहकांना वाटलं तर त्यांचं काही चुकलं नाही.

गूगल वनचं व्हीपीएन भारतात आलंच नव्हतं. गूगलचा पिक्सेल ७ फोन बाजारात आला तेव्हा त्याच्यासोबतच्या मोफत व्हीपीएनमधूनही भारत वगळलेला होता. तरी ही गोष्ट आपल्या कामाची आहे, कारण तोच प्रश्न इकडे रोज पडतो. अँटिव्हायरसबरोबर व्हीपीएन फुकट मिळतंय, ते चालू करू का? तारकर्लीत होम-स्टे चालवणारे विचारतात, बोटीवर नोकरी असलेल्या मुलाचे आईवडील विचारतात, नवरा दुबईला असलेल्या ताई विचारतात, आणि कोविडनंतर गावच्या घरातूनच पुण्याच्या कंपनीचं काम करणारी पोरंही विचारतात. मालवणातल्या एका काकांनी मला सरळच सांगितलं, "माका बाकीचा सगळा नको, घेवचा काय नको तेवढा सांग." त्यांच्यासारख्यांसाठीच हे लिहितो आहे.

आधी एवढं समजून घ्या

व्हीपीएन चालू नसतं तेव्हा तुम्ही कोणत्या साइटवर जाता हे तुमचा जिओ, एअरटेल, बीएसएनएल किंवा वायफायचा मालक पाहू शकतो. आत काय वाचता, कोणता पासवर्ड टाकता, हे त्याला सहसा दिसत नाही, कारण आज जवळजवळ प्रत्येक साइट एचटीटीपीएसने कुलूपबंद असते. व्हीपीएन चालू केलं की तुमची सगळी ये-जा एका बंद नळीतून व्हीपीएन कंपनीच्या सर्व्हरपर्यंत जाते आणि तिथून पुढे इंटरनेटवर. जिओला आता फक्त ती नळी दिसते. जिओला आधी जे दिसत होतं, ते आता व्हीपीएन कंपनीला दिसू शकतं.

म्हणजे विश्वास ठेवायची गरज संपली नाही. तो आता कोणावर ठेवायचा, एवढंच तुम्ही निवडलं. वेग, देशांची यादी, सवलत या बाकीच्या सगळ्या गोष्टी त्यानंतर येतात.

मोठ्या कंपनीचं फुकट व्हीपीएन आणि फक्त व्हीपीएन विकणारी कंपनी

गूगलचं व्हीपीएन वाईट बनवलेलं नव्हतं, हे आधी सांगायला हवं. तुम्ही वर्गणीदार आहात का हे तपासणारी यंत्रणा आणि तुमची वाहतूक वाहून नेणारी यंत्रणा त्यांनी वेगळी ठेवली होती, त्यामुळे कोण कुठे गेलं याची जोडणी गूगललाही करता येऊ नये. त्याचा कोड त्यांनी खुला केला आणि एनसीसी ग्रुप या सुरक्षा तपासणाऱ्या कंपनीकडून बाहेरचं परीक्षणही करून घेतलं. एवढं सगळं करूनही सेवा गेली. कारण गूगलचं पोट जाहिरातींवर भरतं, आणि व्हीपीएन म्हणजे भाजीवाल्याने भाजीबरोबर दिलेली कोथिंबीर होती. कोथिंबीर महागली की आधी तीच थांबते.

आपल्याकडे याचा अनुभव आहे. गूगलने जानेवारी २०१६ मध्ये रेल्वेच्या रेलटेल कंपनीबरोबर मुंबई सेंट्रलला मोफत वायफाय सुरू केलं, ते चारशेहून जास्त स्थानकांवर नेलं आणि फेब्रुवारी २०२० मध्ये 'गूगल स्टेशन' बंद करत असल्याचं जाहीर केलं. स्थानकांवरचं वायफाय त्यानंतरही टिकलं, कारण ते रेलटेलचं स्वतःचं काम होतं. ज्याचा तो मुख्य धंदा आहे, तो सहजासहजी सोडून जात नाही.

फेसबुकचा किस्सा याहून गंभीर आहे. २०१३ मध्ये त्यांनी ओनावो नावाची इस्रायली कंपनी घेतली. तिचं 'ओनावो प्रोटेक्ट' हे व्हीपीएन अ‍ॅप तुमचा डेटा सुरक्षित ठेवेल म्हणून लोकांनी फोनवर टाकलं, आणि लोक कोणती अ‍ॅप किती वापरतात याची माहिती त्यातून फेसबुकला मिळत राहिली, प्रतिस्पर्ध्यांवर नजर ठेवण्यासाठी. ऑगस्ट २०१८ मध्ये ते अ‍ॅपलच्या दुकानातून हटलं, २०१९ मध्ये बंद झालं. जुलै २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या न्यायालयाने ग्राहकांची दिशाभूल केल्याबद्दल मेटाच्या, म्हणजे फेसबुकच्याच, दोन उपकंपन्यांना मिळून २ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. गूगल आणि मायक्रोसॉफ्टने अर्ध्या वाटेत हात सोडला. फेसबुकने तर हात धरला तोच खिसा पाहायला.

आता दुसरी बाजू. मुलवाद ही स्वीडनची कंपनी २००९ पासून महिन्याला ५ युरोच घेते, म्हणजे आजच्या हिशोबाने साधारण पाचशे रुपये. दोन वर्षांचे पैसे आधी भरा आणि सवलत घ्या, असला प्रकार नाही. खातं उघडताना ईमेलसुद्धा मागत नाहीत, एक क्रमांक देतात. एप्रिल २०२३ मध्ये स्वीडिश पोलीस झडतीचं वॉरंट घेऊन त्यांच्या कार्यालयात गेले आणि रिकाम्या हाताने परतले, कारण ग्राहकांची नोंद ठेवलेलीच नव्हती. कागदावरच्या धोरणापेक्षा माझ्या लेखी या एका प्रसंगाचं वजन जास्त आहे.

भारतापुरता फरक २०२२ मध्ये स्पष्ट दिसला. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांचं नाव, पत्ता, आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) वगैरे माहिती ५ वर्षं ठेवायला सांगितलं. सुरुवातीची मुदत पुढे ढकलून २५ सप्टेंबर २०२२ केली गेली. एक्सप्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन, प्रोटॉन अशा कंपन्यांनी भारतातले आपले सर्व्हर काढून घेतले, पण भारतातल्या ग्राहकांना सोडलं नाही. तेव्हापासून त्यांच्या यादीत 'भारत' दिसलं तरी ते यंत्र सिंगापूर किंवा अशाच दुसऱ्या ठिकाणी असू शकतं. इथेही काहीतरी बंद झालं, पण ग्राहकाला दिलेला शब्द पाळण्यासाठी. गूगलने बंद केलं ते हिशोबात बसत नव्हतं म्हणून. विश्वास कोणावर ठेवायचा हे मला या फरकावरून ठरवता येतं.

तरी स्वतंत्र कंपनी म्हणजे डोळे मिटून घ्यावी असं नाही. एक्सप्रेसव्हीपीएन २०२१ मध्ये केप टेक्नॉलॉजीजने ९३ कोटी ६० लाख डॉलरना विकत घेतली. ही केप म्हणजे पूर्वीची क्रॉसरायडर, जिचं नाव जाहिराती घुसवणाऱ्या सॉफ्टवेअरशी जोडलं गेलं होतं. त्याच वर्षी केपने व्हीपीएनची परीक्षणं लिहिणाऱ्या साइटही विकत घेतल्या. म्हणजे 'सर्वोत्तम १० व्हीपीएन' अशी यादी वाचताना ती साइट कोणाच्या मालकीची आहे, हे आधी पाहायला हवं. मालक बदलला की तुमचा विश्वासही तुम्हाला न विचारता विकला जातो.

पैसे महिन्याचेच भरा. जानेवारी २०२५ च्या सुरुवातीला भारतातल्या अ‍ॅपल आणि गूगलच्या अ‍ॅप दुकानांतून काही व्हीपीएन अ‍ॅप हटवली गेली, त्यांत क्लाउडफ्लेअर या मोठ्या इंटरनेट कंपनीचं '१.१.१.१' सुद्धा होतं. तीन वर्षांचे पैसे भरलेले असतील आणि उद्या नव्या फोनवर अ‍ॅपच उतरवता आलं नाही, तर ती स्वस्ताई कुठे राहिली?

बाकीचे पर्याय, थोडक्यात

पैसे द्यायचे नसतील तर प्रोटॉनचं मोफत व्हीपीएन मला पटतं. डेटाची मर्यादा नाही, जाहिराती नाहीत. एकाच उपकरणावर चालतं आणि देश स्वतः निवडता येत नाही. त्याचा खर्च पैसे भरणाऱ्या ग्राहकांतून निघतो. कंपनी जिनिव्हाची आहे आणि २०२४ पासून तिची मुख्य भागधारक एक ना-नफा संस्था आहे.

प्ले स्टोअरवरची अनोळखी 'फ्री सुपर फास्ट' व्हीपीएन मात्र फोनवर टाकू नका. होला या गाजलेल्या मोफत सेवेबद्दल २०१५ मध्ये उघड झालं की ती आपल्या वापरकर्त्यांचंच इंटरनेट दुसऱ्यांना विकत होती. म्हणजे तुमच्या देवगडच्या घरच्या जोडणीवरून कोणीतरी भलताच माणूस इंटरनेटवर फिरणार, आणि विचारणा झाली तर तुमच्या दारात.

मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरमध्ये महिन्याला ५ जीबीपर्यंत मोफत 'सिक्युअर नेटवर्क' आहे, अ‍ॅपलच्या आयक्लाउड प्लस वर्गणीत सफारीपुरतं 'प्रायव्हेट रिले' आहे. दोन्ही फक्त ब्राउझिंगसाठी. आधीपासून मिळत असतील तर वापरा, पण त्यांच्यासाठी म्हणून वर्गणी घेऊ नका.

तांत्रिक हात असलेल्यांना स्वतःचं व्हीपीएनही उभं करता येतं. वायरगार्ड हे व्हीपीएनचं मोफत सॉफ्टवेअर मार्च २०२० पासून लिनक्स या संगणक प्रणालीच्या गाभ्यातच आहे, त्यावर बांधलेल्या टेलस्केल सेवेने तर ते आणखी सोपं केलं आहे. मुंबईत बसून वेंगुर्ल्याच्या घरातला सीसीटीव्ही पाहायचा असेल तर यासारखं दुसरं काही नाही. पण भाड्याच्या सर्व्हरवर केलंत, तर ५ वर्षांच्या नोंदीचा नियम त्या सर्व्हर कंपनीलाही लागू आहे. घरातलं दूर बसून वापरण्यासाठी ते उत्तम, लपण्यासाठी नाही.

काहीच न घेणं

खरं सांगायचं तर इथल्या बहुतेक घरांसाठी मी हाच पर्याय सुचवतो.

आपल्याकडे रेंजचं काय आहे ते तुम्हाला माहीत आहे. एका वाडीत जिओ, पलीकडच्या सड्यावर फक्त बीएसएनएल, पावसात लाइट गेली की थोड्या वेळाने टॉवरही जातो. व्हीपीएनला प्रत्येक वेळी दूरच्या सर्व्हरपर्यंत जाऊन यावं लागतं. नेट आधीच दम टाकत असेल तर ते तुटतं, पुन्हा जोडतं, आणि 'किल स्विच' (व्हीपीएन तुटलं की नेटच थांबवणारी सोय) चालू नसेल तर त्या मधल्या वेळात सगळं उघड्यावरूनच जातं. परदेशी पत्ता दिसला की बँकेची काही अ‍ॅप अडतात ते वेगळंच.

स्टेशनवरच्या किंवा लॉजच्या वायफायची धास्ती वाटत असेल तर पैशांचे व्यवहार आपल्या मोबाइल डेटावर करा. अँड्रॉइड ९ पासून फोनमध्ये 'प्रायव्हेट डीएनएस'ची सोय आहे, ती चालू करा. साइटचं नाव विचारणारी चौकशी तरी झाकली जाते. होम-स्टेवाल्यांनी पाहुण्यांसाठी राउटरवर वेगळं गेस्ट नेटवर्क ठेवावं, आणि घरचा सीसीटीव्ही, बुकिंगचा लॅपटॉप त्यावर कधीही जोडू नये. याला पैसे लागत नाहीत आणि फायदा व्हीपीएनपेक्षा जास्त.

आणि ज्या फसवणुकीने आपल्या भागातली माणसं खरोखर पैसे गमावतात, तिथे व्हीपीएनचा काडीचाही उपयोग नाही. खोली बुक करायची आहे म्हणून फोन येतो, आगाऊ रक्कम पाठवतो म्हणतात, क्यूआर पाठवतात आणि 'पैसे जमा व्हायला पिन टाका' सांगतात. पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. फसलात तर लाजू नका, ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. हे मी कितीही वेळा सांगायला तयार आहे.

घ्यावं कोणी, आणि कुठे जपून

घरून काम करणाऱ्यांना त्यांची कंपनी स्वतःचं व्हीपीएन देते. सर्ट-इनचा तो नोंदीचा नियम कंपन्यांच्या अंतर्गत व्हीपीएनला लागू नाही. त्यावर दुसरं चढवू नका, काम अडेल. पत्रकारिता, माहिती अधिकाराचं काम किंवा वाळूउपशासारख्या विषयांवर तक्रारी करणाऱ्यांना मात्र मी महिन्याच्या वर्गणीचं, स्वतंत्र कंपनीचं व्हीपीएन आवर्जून घ्यायला सांगेन. आपण काय शोधतो हे गावातल्या केबलवाल्याला कळू नये, ही त्यांची खरी गरज आहे. बोटीवरच्या मुलालाही बंदरांतल्या अनोळखी वायफायवर त्याचा उपयोग होतो, फक्त जहाज कंपनीचे आणि त्या देशाचे नियम आधी पाहून.

आखातात घरचं माणूस असेल तर जास्त सांभाळा. रत्नागिरी, रायगडमधली कितीतरी कुटुंबं यात येतात. संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सअ‍ॅपवरचे कॉल बंद असतात, म्हणून व्हीपीएन लावून घरी व्हिडिओ कॉल करायचा मार्ग एकमेकांना सांगितला जातो. तिथल्या २०२१ च्या ३४ क्रमांकाच्या सायबर कायद्यात गुन्हा करण्यासाठी किंवा लपवण्यासाठी आयपी पत्ता फिरवल्यास कैद किंवा ५ लाख ते २० लाख दिरहम दंड, किंवा दोन्हींची तरतूद आहे. बंद केलेल्या सेवेला वळसा घालणं तिथे कशात मोजलं जाईल, याचा धोका नोकरीवर गेलेल्या माणसाने का घ्यावा? बोटिमसारखी परवानगी असलेली अ‍ॅप आहेत, त्यांवरून बोला. इथून तिकडे कोणाला व्हीपीएनची लिंक पाठवली असेल तर ती काढून टाकायला आजच सांगा.