आरटीई 25 टक्के ऑनलाइन प्रवेश: सोडतीपर्यंत सरकार, पुढे पालक एकटे

महाराष्ट्र शासनाच्या ज्या थोड्या सेवा वशिल्याशिवाय चालतात, त्यांत आरटीई (शिक्षण हक्क) पोर्टलवरचा 25 टक्के राखीव जागांचा प्रवेश धरायला हरकत नाही. शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 12(1)(सी) प्रमाणे अल्पसंख्याक शाळा वगळता विनाअनुदानित खासगी शाळांना आपल्या प्रवेशाच्या पहिल्या वर्गात किमान चौथा हिस्सा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी ठेवावा लागतो. अर्जाला एक रुपया लागत नाही, सोडत राज्यभर एकाच वेळी संगणकावर निघते आणि शाळेच्या ऑफिसात कुणाच्या ओळखीचा उपयोग होत नाही. 2025-26 साठी सुमारे 1 लाख 9 हजार जागांवर 3 लाखांहून जास्त अर्ज आले. लोकांचा विश्वास आहे, एवढे यातून नक्की दिसते.

गुण आधीच देऊन टाकतो. अर्ज आणि सोडत: पाचपैकी साडेतीन. कागदपत्रांची पडताळणी: अडीच. प्रवेशानंतरची सेवा: एक, आणि तोही कायद्यात चांगली कलमे आहेत म्हणून.

पात्रतेत सर्वाधिक गोंधळ उत्पन्नाच्या दाखल्यावरून होतो. अनुसूचित जाती, जमाती, विमुक्त व भटक्या जमाती, इतर मागासवर्ग, विशेष मागासवर्ग, 40 टक्क्यांपासून पुढचे दिव्यांग बालक, अनाथ बालक आणि एचआयव्हीबाधित वा प्रभावित बालक हे सगळे 'वंचित' गटात येतात. या गटाला उत्पन्नाची अट नाही. वार्षिक 1 लाखाच्या आतली अट फक्त 'दुर्बल' गटाला आहे. तरीही सेतू केंद्रांबाहेर जातीचा दाखला हातात असलेले पालक उत्पन्नाच्या दाखल्यासाठी ताटकळताना दिसतात, कारण हा फरक ठळकपणे कुठे लिहिलेलाच नाही. उलट दुर्बल गटातल्या पालकाने दाखला कोणत्या आर्थिक वर्षाचा चालतो, हे त्या वर्षीच्या सूचनेत वाचल्याशिवाय तहसीलची पायरी चढू नये. दाखल्याच्या अर्जाची पावती मात्र घ्यावीच; लोकसेवा हक्क अधिनियम 2015 खाली मुदतीत दाखला न मिळाल्यास अपील करता येते आणि त्या वेळी पावती लागते.

अर्ज भरताना खरी परीक्षा नकाशाची असते. घराचे ठिकाण ऑनलाइन नकाशावर बलून (जागा दाखवणारी खूण) ठेवून दाखवायचे असते आणि तो बलून पाचपेक्षा जास्त वेळा हलवता येत नाही. शाळेपर्यंतचे अंतर यावरूनच मोजले जाते आणि सोडतीत 1 किलोमीटरच्या आतल्या मुलांना आधी, 1 ते 3 किलोमीटरच्या मुलांना नंतर संधी मिळते. म्हणजे बलून 200 मीटर सरकला तर मूल एका गटातून दुसऱ्या गटात जाते. काही पालक तो मुद्दाम शाळेजवळ सरकवतात. अशा वेळी सोडतीत नाव लागते, पण पडताळणी समितीपुढे पत्ता आणि नकाशा जुळत नाही आणि प्रवेश रद्द होतो. सायबर कॅफेवाल्याला अर्ज भरायला दिला असेल तर बलून ठेवताना शेजारी बसा. त्याला तुमची गल्ली माहीत नसते.

शाळा जास्तीत जास्त दहा निवडता येतात. दहाचा आकडा भरायचाच म्हणून लांबची शाळा टाकू नका. निवड झाल्यावर प्रवेश घेतला नाही तर त्या मुलाचा पुढच्या फेऱ्यांत विचार होत नाही, आणि रिक्षाचे पैसे शासन देत नाही. एका मुलाचे दोन अर्ज दिसले की दोन्ही बाद होतात. हल्ली आई एका मोबाइलवरून आणि बाबा दुसऱ्यावरून भरतात, तिथे हे हमखास घडते. चूक झाली असेल तर अर्ज निश्चित करण्याआधी तो काढून टाकून नव्याने भरता येतो. निश्चित केल्यावर नाही. वयाची गणना 31 डिसेंबरला होते. 2025-26 ला पहिलीसाठी 1 जुलै 2018 ते 31 डिसेंबर 2019 मधला जन्म चालला.

सोडतीनंतर एसएमएस येतो असे सांगतात. येतोही, पण त्याच्या भरवशावर राहू नये. पोर्टलवर अर्ज क्रमांक टाकून स्थिती पाहावी. विभागही हेच सांगतो, म्हणजे एसएमएसवर त्यांचाही फार विश्वास नसावा. नाव लागले की अलॉटमेंट लेटर आणि हमीपत्राची प्रत काढून, मूळ कागदपत्रे आणि झेरॉक्स घेऊन थेट पडताळणी केंद्रावर जायचे. शाळेत नंतर.

अर्ज बहुतेक पडतात ते इथेच, आणि तेही भाडेकरारावर. स्वतःच्या नावावर रेशनकार्ड, वीजबिल किंवा घरपट्टी असेल तर प्रश्न नाही. भाड्याने राहणाऱ्याला मात्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेला, अर्ज सुरू होण्याच्या आधीच्या तारखेचा करार लागतो. शंभर रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर नोटरी केलेला चालत नाही. ज्या वस्तीत घरमालक करारच करत नाही, तिथले मूल कायद्याने पात्र आणि कागदाने अपात्र ठरते. पत्ता खरा आहे की नाही हे तपासायला समितीला घरी जाता येते, पण तो मार्ग वापरण्यापेक्षा अर्ज बाद करणे सोपे असते. परराज्यातला जातीचा दाखलाही चालत नाही. परराज्यातून येऊन नाक्यावर रोजंदारी शोधणाऱ्या कामगारांच्या मुलांना याचा फटका बसतो.

ज्या मुलांसाठी ही सेवा सर्वात जास्त हवी, त्यांचे वेळापत्रक तिने कधी पाहिलेच नाही. 2025-26 चे अर्ज जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या पहिल्या दिवसांपर्यंत घेतले गेले. बीड, अहिल्यानगर, जालन्याकडची ऊसतोड कुटुंबे दिवाळीच्या आसपास निघतात आणि कारखान्याचा पट्टा पडल्यावरच, म्हणजे गाळप हंगाम संपल्यावरच, परततात. म्हणजे अर्जाच्या मुदतीत ती उसाच्या फडावर असतात आणि दाखले गावी पेटीत. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ग्रामपंचायत आणि अंगणवाडी पातळीवर जन्मनोंद, जातीचा दाखला आणि रहिवासाचा पुरावा तयार करून घेतला तर मोबाइलवरून अर्ज भरता येतो. हे शिबिर घेणे कुणाचेच ठरवून दिलेले काम नाही.

एकल आई, अनाथ मूल, आजीकडे वाढणारे मूल यांच्यासाठी बालसंगोपन योजना आहे, दरमहा 2,250 रुपयांची. ती महिला व बालविकास विभागाकडे, प्रवेश शिक्षण विभागाकडे. दोन्हीकडे जवळपास तीच कागदपत्रे लागतात, पण एका खिडकीवरचा माणूस दुसरीचे नाव घेत नाही. मृत्यूचा दाखला, घटस्फोटाचा निकाल किंवा पालकत्वाचे कागद एकदा काढताना चार-पाच प्रती काढून ठेवा आणि जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्याकडेही अर्ज द्या.

2024 चा प्रकार इथे नोंदवावाच लागेल, कारण सेवा देणारेच ती कशी अडवू शकतात हे त्या वर्षी दिसले. 9 फेब्रुवारीच्या अधिसूचनेने शासनाने ठरवले की शासकीय किंवा अनुदानित शाळा 1 किलोमीटरच्या आत असेल तर खासगी शाळेला 25 टक्क्यांचे बंधन नाही. शहरांत अशी शाळा जवळ नसेल असे ठिकाण शोधून सापडणार नाही, त्यामुळे कलम कागदावर राहिले आणि जागा गेल्या. मुंबई उच्च न्यायालयाने 6 मे रोजी स्थगिती दिली आणि 19 जुलैला अधिसूचना रद्द केली. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो निकाल कायम ठेवला. पण शाळा जूनमध्ये भरल्या आणि निवड यादी जुलैच्या उत्तरार्धात आली. उशिरा बसलेल्या मुलाला पहिल्या महिन्याचा अभ्यास कुणी भरून दिला, याची नोंद पोर्टलवर नाही.

आता प्रवेशानंतरचे. शाळांचा राग निराधार नाही: या मुलांच्या शुल्कापोटी शासन शाळेला देते ती प्रतिपूर्ती प्रति विद्यार्थी वर्षाला 17,670 रुपये किंवा शाळेचे प्रत्यक्ष शुल्क, यातले जे कमी ते, आणि तेही वर्षानुवर्षे थकते. पण थकबाकी शासनाची आणि वसुली पालकाकडून, हे चालणार नाही. 'अ‍ॅक्टिव्हिटी फी', 'टर्म फी', 'डिजिटल फी' अशा नावांनी पैसे मागितले गेले तर तोंडी वाद घालू नका, लेखी मागणी किंवा पावती मागा. बहुतेक ठिकाणी मागणी तिथेच थंडावते. मुलाखत किंवा चाचणी घेणे कलम 13 खाली गुन्हा आहे: पहिल्या वेळी 25,000 आणि पुढच्या प्रत्येक वेळी 50,000 रुपयांपर्यंत दंड. आरटीईच्या मुलांचा वेगळा वर्ग किंवा वेगळी वेळ हा उघड भेदभाव आहे.

तक्रार कुठे? पोर्टलवरचा मदत क्रमांक अर्ज भरण्यापुरता. शाळेविरुद्ध तक्रार कलम 32 खाली स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी द्यायची: ग्रामीण भागात जिल्हा परिषदेचा शिक्षण विभाग, शहरात महापालिकेचा. अर्ज क्रमांक, अलॉटमेंट लेटरची प्रत, तारीख, मागितलेली रक्कम आणि पुरावा एका पानात बसवा. वर 'कलम 32 अन्वये तक्रार' असे लिहायला विसरू नका, नाहीतर ती साधे निवेदन म्हणून फाइलला लागते. आवक क्रमांकाचा शिक्का आपल्या प्रतीवर घ्या. तीन महिन्यांत निर्णय बंधनकारक आहे. तो आला नाही किंवा पटला नाही तर राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे जाता येते.

प्रतिपूर्ती खरेच थकली आहे का, की शाळा बहाणा करते, हे कळायला माहिती अधिकार उत्तम. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत. हा महाराष्ट्राच्या नियमांतला अडथळा माहीत नसल्याने लांबलचक अर्ज परत येतात. प्रश्न नेमके ठेवा: अमुक शाळेला, अमुक वर्षांत, किती मुलांसाठी, किती रक्कम, कोणत्या तारखेला दिली. 30 दिवसांत उत्तर आले नाही तर पुढच्या 30 दिवसांत पहिले अपील. 'प्रतिपूर्ती का देत नाही' असे विचारले तर जनमाहिती अधिकारी 'खुलासा मागता येत नाही' म्हणून मोकळा होतो.

शेवटची उणीव आठवीची. मोफत शिक्षणाचा हक्क आठवीपर्यंत. नववीला तीच शाळा पूर्ण शुल्क मागते आणि पोर्टलवर याची एक ओळही नाही. शाळा निवडतानाच नववी-दहावीचे शुल्क विचारून घ्या, आणि ते झेपणारे नसेल तर जवळची अनुदानित माध्यमिक शाळा कोणती, तिथे नववीला बाहेरून प्रवेश मिळतो का, हे सातवीतच पाहून ठेवा.