चुलीतला कोळसा, मेडिकलची काळी गोळी की दवाखान्यातली पावडर?

कोळसा विष ओढून घेतो हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे, आणि ते खोटं नाही. घोटाळा पुढे होतो: कोणता कोळसा, किती, कोणत्या विषाला आणि किती वेळात?

आधी चुलीतला. बाभळीचा कोळसा कुटून वस्त्रगाळ केला तरी तो औषध होत नाही. औषधी चारकोल करताना लाकडाचा किंवा नारळाच्या करवंटीचा कोळसा आठ-नऊशे अंश सेल्सिअसला तापवून त्यातून वाफ सोडतात. त्याने आत असंख्य बारीक छिद्रं पडतात आणि एका ग्रॅमचा आतला पृष्ठभाग हजार चौरस मीटरच्या घरात जातो. म्हणजे चिमूटभर पावडरीत दहा गुंठे वावर. विष चिकटतं ते या जागेवर. चुलीतल्या कोळशात ही जागा फार थोडी, वर राख आणि अर्धवट जळालेलं डांबर. दात घासायला वापरणारे वापरोत, विषावर तो पाजणं म्हणजे हातची वेळ घालवणं. जळकी भाकर किंवा करपलेला पाव त्याच पंगतीतला. पाण्याच्या फिल्टरमधला कार्बन छिद्राळ असतो खरा, पण जाड दाण्यांचा आणि पोटात घेण्यासाठी न केलेला. तोही नको.

मेडिकलमधली काळी गोळी खरी आहे, फक्त तिचं काम छोटं आहे. पोट फुगणं, गॅस यासाठी जेवणाआधी किमान अर्धा तास 1 ग्रॅम आणि जेवणानंतर लगेच 1 ग्रॅम, या मात्रेला युरोपातल्या अन्नसुरक्षा संस्थेने 2011 मध्ये मान्यता दिली. गोळी 250 मिलीग्रॅमची असेल तर ते चार आधी, चार नंतर असं होतं. आपल्याकडच्या बऱ्याच पाचक गोळ्यांत चारकोल याहून खूप कमी, सोबत पपेन किंवा डायस्टेज ही अन्न पचवायला मदत करणारी द्रव्यं. दोन-चार दिवस घ्यायला हरकत नाही. पण ती रोजच्या औषधांनाही चिकटते. फिटची गोळी, थायरॉइडची, बीपीची, सिकलसेलची, माला-एन, यातलं काही चालू असेल तर मध्ये किमान दोन तासांचं अंतर ठेवा. डॉक्टरांना विचारून घेतलेलं बरं. शौच काळी होते, त्याने घाबरू नये. मात्र गोळी न घेताही ती डांबरासारखी चिकट आणि घाण वासाची झाली, तर पोटात रक्तस्राव असू शकतो. हगवणीवर चारकोल नको, एक लिटर पाण्यात ओआरएसची पुडी हवी.

विषबाधेवर हीच गोळी चालेल का? हिशेब करा. मोठ्या माणसाला साधारण 50 ग्रॅम चारकोल लागतो. 250 मिलीग्रॅमच्या गोळ्यांत तो बसवायचा तर दोनशे गोळ्या. इतक्या गोळ्या चावून होईपर्यंत वेळ निघून गेलेली असते.

उरली दवाखान्यातली पावडर, आणि खरी निवड इथेच आहे. मात्रा ठरलेली: मोठ्यांना 50 ग्रॅम, लहान मुलांना वजनाच्या प्रत्येक किलोमागे अर्धा ते एक ग्रॅम. विष किती गेलं हे माहीत असेल तर त्याच्या दहापट चारकोल. कालवायला वाटतं तेवढं सोपं नाही. पावडर पाण्यावर तरंगते, गोळे होतात, फुंकरीसरशी उडते. म्हणून आधी थोड्या पाण्यात लगदा करायचा, मग एकूण 400 मिलीलिटरपर्यंत पाणी घालून झाकणाच्या बाटलीत जोरात हलवायचं. पेला पारदर्शक नसला की रुग्ण कमी कुरकुर करतो. तळाशी बसलेलं पुन्हा पाणी घालून पाजायचं, नाहीतर अर्धी मात्रा भांड्यातच राहते. घाईने पाजलं की उलटी. अंगावर पडलेले डाग धुतले तरी सहज जात नाहीत, तेव्हा चांगला टॉवेल पुढे करू नका.

विष पोटात गेल्यापासून पहिल्या तासात हे सर्वांत उपयोगी, नंतर फायदा झपाट्याने घटतो. मेळघाटातल्या धारणीपलीकडच्या गावाहून थेट अमरावतीला निघालात तर तो तास रस्त्यातच संपतो. म्हणून 108 ला फोन करा आणि आधी जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय गाठा, पुढचं तिथून.

मग पावडरच घरी आणून ठेवावी का? आमचं मत स्पष्ट आहे: नाही. फवारणीची बरीच औषधं ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली. ती पोटात गेली की तोंडाला फेस येतो, झटके येतात, माणूस थोड्याच वेळात शुद्ध हरपतो. अशा वेळी पाजलेला काळा लगदा फुप्फुसात गेला तर विषातून वाचलेला माणूस त्याने जाऊ शकतो. गुंगी असताना डॉक्टरसुद्धा श्वासनळी नळीने सुरक्षित केल्याशिवाय चारकोल देत नाहीत. या गटावर खरा भरवसा ॲट्रोपिनच्या इंजेक्शनवर आहे. श्रीलंकेत कीटकनाशक आणि बिट्टीच्या (पिवळ्या कण्हेरीच्या) बिया घेतलेल्या साडेचार हजारांहून अधिक रुग्णांवर मोठी चाचणी झाली. 2008 मध्ये तिचा निष्कर्ष आला: चारकोलने मृत्यू कमी झाले नाहीत. बिट्टीवर 2003 च्या एका चाचणीत मात्र फायदा दिसला होता, त्यामुळे तिथे डॉक्टरांत मतभेद आहेत. तेव्हा ‘काळं औषध पाजलंच नाही’ म्हणून नातेवाइकांनी डॉक्टरांवर धावून जाण्यात अर्थ नाही.

काही विषांना चारकोल जवळजवळ धरतच नाही. दारू, मिथेनॉलची विषारी दारू, लोह, लिथियम. रॉकेल आणि ॲसिड यांत तर तो देऊच नये: रॉकेलला उलटी झाली की ते फुप्फुसात उतरतं, ॲसिडमध्ये चारकोलच्या काळेपणामुळे दुर्बिणीतून आतली जखम दिसत नाही. यातलं लोह घरात सर्वांत दुर्लक्षित. गरोदर बाईसाठी आशाताईंनी दिलेल्या लाल गोळ्या लहान पोराने गोड समजून खाल्ल्या, तर आधी उलट्या होतात, मग काही तास पोरगं बरं वाटतं आणि नंतर एकदम खालावतं. बरं वाटलं म्हणून थांबू नका. धान्यात ठेवायच्या सल्फासच्या गोळ्यांतही चारकोलावर विसंबता येत नाही. पाण्याने त्यातून फॉस्फिन वायू सुटतो, पाणी पाजू नका. चंद्रज्योतीच्या बिया खाल्लेली पोरं बहुधा ओकतच येतात, त्यांना सलाईन जास्त महत्त्वाचं. धोतऱ्याला मात्र चारकोल चांगला धरतो, तोही पोर पूर्ण शुद्धीवर असेल तर.

साप चावल्यावर किंवा फवारणीतून बाधा झाल्यावर तोंडाने दिलेल्या चारकोलचा उपयोग नाही. 2017 च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करणाऱ्या शेतकरी-मजुरांचे जीव गेले, ते विष कातडीतून आणि श्वासातून गेलं होतं. तिथे पहिलं काम म्हणजे भिजलेले कपडे काढणं आणि अंग, केस, नखं साबण-पाण्याने धुणं. धुणाऱ्याने हातमोजे नसतील तर पन्नीच्या पिशव्या हाताला बांधाव्या.

मीठ-पाणी पाजून किंवा घशात बोट घालून ओकारी काढू नका. गुंगी असेल तर कुशीवर निजवा. औषधाची बाटली किंवा पुडा पन्नीत गुंडाळून सोबत न्या, कारण लेबलवर आणि आतल्या घडीपत्रकात उतारा छापलेला असतो. बाटली धुऱ्यावरच राहिली असेल तर कोणाला तरी मोबाइलवर लेबलचा फोटो पाठवायला सांगा. बाटलीवरचं नाव कळलं की चारकोल द्यायचा की नाही हे डॉक्टर तिथल्या तिथे ठरवू शकतात.