मेमध्ये जैसलमेर: माशी अडवायला जाळी, मलम की साधा पंचा?

फोंड्यात आमच्या शेजारी राहणारं कुटुंब यंदा मेच्या सुट्टीत जैसलमेरला निघालं आहे. नवरा-बायको, दोन मुलं आणि आजी. परवा शेजारीण फार्मसीतून डासांच्या मलमाच्या चार ट्यूबा घेऊन आली आणि मला विचारू लागली, "ताई, एवढ्या पुरतील ना? तिथे माशा फार असतात म्हणे." मी त्या भागात दोनदा जाऊन आले आहे, एकदा मेमध्ये आणि एकदा चतुर्थीच्या आधी ऑगस्टमध्ये. तिला म्हटलं, दोन ट्यूबा परत कर आणि त्या पैशांत चांगले सुती पंचे घे. ती गोंधळली. म्हणून सगळं नीट लिहून काढते आहे, कारण गोव्यातून उन्हाळ्यात तिकडे जाणारे बहुतेक जण याच गोंधळात असतात.

वाळवंटात दिवसा छळणारे किडे वेगळे आणि रात्री छळणारे वेगळे. दिवसाची माशी चावत नाही, नुसती बसते. रात्रीचे किडे चावतात. मलम चावणाऱ्यांवर चालतं. बसणाऱ्या माशीवर त्याचा फारसा उपयोग होत नाही, आणि ती बसते तिथे मलम लावताही येत नाही.

ती बसते कुठे? डोळ्यांच्या कोपऱ्यात, ओठांवर, नाकपुडीपाशी. आपल्याकडे मेमध्ये हवा इतकी दमट असते की सगळं अंगच घामाने ओलं राहतं. थारमध्ये हवा कोरडी, घाम येतो तसा वाळून जातो. मग माशीला हवा असलेला ओलावा उरतो तो डोळ्यांत आणि तोंडाशी. आपल्याकडे पाटल्या दारी फणस फोडला की माशा फणसावर जमतात, माणसाला तेवढा त्रास देत नाहीत. तिथे उंटांच्या तळापाशी उभं राहिलं की पाच मिनिटांत चेहऱ्यावर चार-पाच माशा. लहान मुलं तर रडकुंडीला येतात.

म्हणून दिवसासाठी खरी तुलना आहे ती कापड आणि तोंडावरची जाळी यांच्यात. टोपीवरून गळ्यापर्यंत सोडायची ती जाळी आता ऑनलाईन सहज मिळते. ती माशीला पूर्ण अडवते, यात वाद नाही. पण जाळी रुंद काठाच्या टोपीवरच घालावी लागते. डोक्याला घट्ट बसणाऱ्या टोपीवरून सोडली तर ती नाकाला चिकटते आणि माशी जाळीवर बसूनही नाकावर बसल्यासारखीच वाटते. रंग काळा घ्यावा. पांढऱ्या किंवा हिरव्या जाळीवर ऊन चमकतं आणि समोरचं धूसर दिसतं, काळ्या जाळीतून बरंच स्वच्छ दिसतं. पाणी प्यायला मात्र दर वेळी जाळी उचलावी लागते, आणि मेमध्ये तिथे दर पंधरा मिनिटांनी पाणी प्यावंच लागतं.

पंचा माशीला जाळीइतका अडवत नाही. पण तो ऊन अडवतो, लू अडवतो, वाळूचं वावटळ आलं तर नाकातोंडावर ओढून घेता येतो, ओला करून डोक्यावर ठेवता येतो. त्याचं एक टोक मोकळं ठेवलं की मान हलवली तरी माशा उडतात. राजस्थानातल्याच फलोदीला १९ मे २०१६ रोजी ५१ अंश तापमान नोंदलं गेलं होतं, भारतातल्या आजवरच्या सर्वाधिक नोंदींपैकी ती एक. त्याच पट्ट्यात तुम्ही सुट्टी घालवायला चालला आहात, तेव्हा एका वस्तूने ऊन आणि माशी दोन्ही सांभाळणं जास्त महत्त्वाचं. थारसाठी माझं मत स्पष्टपणे पंच्याच्या बाजूने आहे. जाळी घ्यायचीच तर मुलांसाठी एक-दोन घ्या, कारण मुलं पंचा डोक्यावर टिकू देत नाहीत. आजी नऊवारीचा पदर डोक्यावरून घेणारी आहे, तिला वेगळं काही लागणार नाही.

मुलांच्या डोळ्यांवर माशी बसली की हाताने चोळू देऊ नका, स्वच्छ पाण्याने धुवा. डोळ्यांभोवती घोंघावणाऱ्या माशा खुपऱ्यांचा, म्हणजे ट्रॅकोमा या डोळ्यांच्या रोगाचा, संसर्ग एका मुलाकडून दुसऱ्याकडे नेतात. भारतातून सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून खुपऱ्यांचं उच्चाटन झाल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर केलं, त्यामुळे घाबरण्याचं कारण नाही. डोळे आणि हात धुण्याची सवय मात्र सुटता कामा नये.

जेवणाचं सोपं आहे. समोर तव्यावरून उतरलेलं गरम खा, कापून ठेवलेली फळं आणि उघडी मिठाई टाळा. उष्ण हवेत अंड्यापासून माशी तयार व्हायला साधारण सात ते दहा दिवस पुरतात. त्यामुळे जिथे खरकटं साचतं तिथे माशांचा खंड पडत नाही.

भर दुपारी, पारा पंचेचाळीसच्या वर गेला की उघड्यावर माशाही कमी होतात. त्या सावलीत येतात, म्हणजे तुम्ही बसला आहात तिथेच. दुपारची खोली बंद, पडदे ओढलेली आणि पंखा चालू असलेली हवी. बाहेरची भटकंती सकाळी लवकर उरका.

एक अपवाद इथेच सांगते. आपल्यातल्या अनेकांची मुलं ऑस्ट्रेलियात आहेत आणि आईवडील डिसेंबरात त्यांच्याकडे जातात, कारण तिथला उन्हाळा तेव्हा असतो. मध्य ऑस्ट्रेलियात उलुरूकडे जाणार असाल तर माझा निर्णय उलटा आहे. तिथे जाळी घ्याच. तिथली 'बुश फ्लाय' आपल्या घरमाशीची जवळची नातलग आहे, पण चिकाटीत तिच्या कितीतरी पुढे. ती गुरांच्या शेणात वाढते. ऑस्ट्रेलियातले मूळचे शेणकिडे कांगारूंच्या कोरड्या लेंड्यांना सरावलेले होते, गोऱ्या वसाहतवाल्यांनी आणलेल्या गाईंचं ओलं शेण त्यांना झेपेना. शेण तसंच पडून राहिलं आणि माशा वाढल्या. शेवटी १९६० च्या दशकात तिथल्या शास्त्रज्ञांनी बाहेरदेशांतून शेणकिडे आणून सोडायला सुरुवात केली. काही भागांत त्याने फरक पडला, पण वाळवंटात माशा आहेतच. तिथे पंचा अपुरा पडतो.

आता रात्र. पैसे आणि विचार दोन्ही इथे खर्च करा.

थारमध्ये सूर्य मावळल्यावर डासांइतकीच काळजी घ्यायची ती वाळूमाशीची. दोन-तीन मिलिमीटरची, फिकट रंगाची, केसाळ पंखांची. डासासारखी गुणगुणत नाही, त्यामुळे चावेपर्यंत कळत नाही. आपल्या मराठी मुलखाला ती अनोळखी नाही. नागपूर जिल्ह्यातल्या चांदीपुरा गावावरून ज्याचं नाव पडलं तो १९६५ साली सापडलेला विषाणू वाळूमाशीच पसरवते. बिकानेरच्या भागात ती लेश्मानियासिस नावाचा त्वचारोग देते, त्यात चावल्या जागी महिनोन्महिने न भरणारा व्रण होतो. चार दिवसांच्या पर्यटकाला तो होण्याची शक्यता कमी असली तरी अंगभर खाज घेऊन परतणं कोणालाच नको.

घरची मच्छरदाणी नेली की काम झालं, असं मीही पहिल्या खेपेला समजले होते. नेहमीच्या मच्छरदाणीची भोकं सव्वा ते दीड मिलिमीटरची असतात. डास त्यात अडकतो, वाळूमाशी अंग चोरून आत येते. घरच्या घरी अंदाज घ्यायचा तर जाळीवर चिमूटभर खसखस टाकून हलवा. दाणे सहज खाली पडले तर ती जाळी वाळूमाशीसाठी मोठी. बारीक विणीची घ्या, किंवा पर्मेथ्रिनसारख्या कीटकनाशकात मुरवलेली घ्या. बारीक विणीत हवा कमी खेळते आणि मेच्या रात्री त्याचा जाच होतो. म्हणून दोन्हींत मला मुरवलेली मच्छरदाणी जास्त पटते.

सगळ्यांत स्वस्त आणि खात्रीचा उपाय मात्र वाऱ्याचा आहे. वाळूमाशी फार कच्ची उडते, उड्या मारत मारत पुढे सरकते, आणि पंख्याचा झोत तिला सोसत नाही. पलंगाच्या पायथ्याशी उभा पंखा लावला की निम्मं काम होतं. आता डासांची अगरबत्ती, म्हणजे आपली हिरवी गुंडाळी. बंद खोलीत ती ठीक, वाळूच्या उघड्या टेकडीवर वारा तिचा धूर तुमच्यापर्यंत येऊच देत नाही, आणि कापडी तंबूत विस्तव ठेवून झोपणं मी कधीच करणार नाही. विजेवर चालणारं द्रव यंत्र बंद खोलीत उत्तम, पण जिथे रात्री जनरेटर बंद होतो त्या पर्यटकांच्या तंबूंच्या छावणीत ते निरुपयोगी. आपल्याकडे गोठ्यात सोडणांची, म्हणजे नारळाच्या सालांची, धुरी करतात तशी तिथल्या एका छावणीवाल्याने आमच्यासाठी कडुलिंबाच्या पाल्याची धुरी केली होती. त्याच्या आपुलकीने मन भरून आलं. धूर मात्र वाऱ्यावर गेला.

मलमाची जागा इथे आहे: संध्याकाळी, उघड्या हातापायांवर, घोट्यांवर आणि मानेवर. आपल्याकडच्या दुकानांत मिळणाऱ्या नेहमीच्या मलमात साधारण १२ टक्के डायइथाइल बेंझामाइड हे डास पळवणारं रसायन असतं, ते संध्याकाळच्या काही तासांना पुरतं. डीट हे तसंच दुसरं रसायन असलेला फवारा जास्त वेळ टिकतो, पण चष्म्याची फ्रेम, घड्याळाचा पट्टा, मोबाईलचं कव्हर अशा प्लास्टिकला तो खातो. पिकारिडिन या तिसऱ्या रसायनाला हा दोष नाही आणि वासही सौम्य, मिळालं तर तेच घ्या. सिट्रोनेला किंवा गवती चहाचं तेल तासाभरात उडून जातं. खोबरेल तेलात कडुलिंबाचं तेल मिसळून लावायची आपली घरगुती पद्धत मी तिथे करून पाहिली. वाळू अंगाला अशी चिकटली की धुवायला पाणी पुरेना. उन्हाचं क्रीमही लावणार असाल तर ते आधी, मलम नंतर. मुलांच्या तळहातांना लावू नका, हात तोंडात जातात.

दिव्याकडेही लक्ष द्या. छावणीत जेवणाच्या टेबलावर पांढरा झगझगीत दिवा लावतात आणि मग भुंगेरे, पतंग ताटात पडतात. दिवा दूर सरकवायला सांगा किंवा पिवळा लावायला सांगा. न कुरकुरता करतात.

उंटावर बसायचं असेल तर पायमोजे आणि लांब पँट घाला, उतरल्यावर घोटे आणि गुडघ्यामागची जागा तपासा. उंटांच्या अंगावर गोचीड असतात आणि ती जमिनीवरूनही माणसाच्या दिशेने चालत येतात.

तंबू की शहरातली खोली, हा शेजारणीचा शेवटचा प्रश्न होता. वाळूच्या टेकड्या आणि तंबूंच्या छावण्या आहेत ते सम गाव जैसलमेरपासून चाळीसेक किलोमीटरवर. मे महिना तिथला हंगाम नव्हे, बऱ्याच छावण्या बंद असतात, आणि चालू असलेल्यांत देखभाल सैल असते. लहान मुलं आणि आजी बरोबर असताना माझं मत शहरातल्या खोलीचं: खिडक्यांना जाळी, छताला पंखा, संध्याकाळी गाडीने टेकड्यांवर जाऊन सूर्यास्त पाहून परत. किल्ल्यातल्या जुन्या घरांत राहणार असाल तर भिंतींच्या भेगा बघून घ्या, वाळूमाशी दिवसा तिथेच लपते.

ऑगस्टचं गणित वेगळं. पाऊस पडला की तिथे डास वाढतात. पावसाचं पाणी साठवायची जमिनीखालची टाकी, ज्याला ते टांका म्हणतात, त्यात मलेरियाचा डास वाढतो. आपल्याकडे बांधकामांच्या टाक्यांत सापडतो तोच, अ‍ॅनोफिलिस स्टीफेन्सी. १९९४ साली भरपूर पावसानंतर पश्चिम राजस्थानात मलेरियाची मोठी साथ आली होती. ऑगस्टात जाणाऱ्याने चारही ट्यूबा ठेवाव्यात आणि मच्छरदाणीशिवाय निघू नये. परत आल्यावर ताप आला तर डॉक्टरांना प्रवासाबद्दल आवर्जून सांगावं.

शेजारणीने दोन ट्यूबा परत केल्या, पाच पंचे घेतले, मुलांसाठी दोन काळ्या जाळ्या मागवल्या. तिच्या नवऱ्याला मात्र एक रात्र तरी टेकडीवर उघड्या आभाळाखाली काढायचीच आहे. त्याचंही बरोबर आहे, तसं आभाळ आपल्याला इथे मेमध्ये दिसत नाही. त्याला सांगितलं आहे: बायको-मुलांना खोलीत ठेव, तू एकटा जा. खाट तंबूत नको, टेकडीच्या वाऱ्याच्या बाजूला उंचावर टाकून घे. मच्छरदाणी चारी बाजूंनी गादीखाली खोच. बूट खाटेखाली ठेवू नकोस, पिशवीत घालून उशाशी घे, आणि सकाळी पाय घालण्याआधी दोन्ही उलटे करून झटक, कारण उन्हाळ्यात विंचू रात्रीच बाहेर पडतो.