समुद्रतळाची हवा की नाथसागराचे पाणी?

रात्रीच्या जादा विजेची साठवण करण्यासाठी पैठणच्या जायकवाडी धरणावर (त्याचा जलाशय म्हणजे नाथसागर) पाणी उलट उपसणारा 12 मेगावॉटचा संच आहे; दुसरा पर्याय म्हणजे खोल समुद्रात पिशव्यांमध्ये दाबलेली हवा भरून ठेवणे.

दर 10 मीटर खोलीला साधारण एक वातावरण दाब वाढतो, त्यामुळे 500 मीटरवर एक घनमीटर हवेत तत्त्वतः साडेपाच युनिटांच्या आसपास ऊर्जा मावते, तर 30 मीटर उंचीवरून पडणारे तेवढेच पाणी 0.08 युनिट देते. शिवाय पिशवी रिकामी होत आली तरी दाब टिकतो, कारण तो वरच्या पाण्याचा असतो.

खरी अडचण प्रवाहांची आहे. भरलेल्या प्रत्येक घनमीटरला सुमारे एक टन उचल बसते, म्हणून पिशवी पट्ट्यांनी जड पायाला बांधावी लागते. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की तिच्यावरचा रेटा चौपट होतो, मागे सुटणाऱ्या भोवऱ्यांनी ती डोलत राहते, पट्ट्या शिवणीपाशी झिजतात आणि पायाखालची वाळू खरवडली जाते. तिथे दुरुस्तीला जाणे सोपे नाही.

नाथसागराला असा प्रवाह नाही. त्याला ऊन आहे. उथळ, पसरट जलाशयातून उन्हाळ्यात पाणी उडून जाते आणि अवर्षणात (आमच्याकडे ते नवे नाही) पिण्याच्या पाण्यापुढे वीज मागे पडते. तरीही समुद्रापासून इतक्या दूर असलेल्या मराठवाड्यासाठी मी धरणालाच कौल देईन.