बिलात नवे हेड बोल्ट, इंजिनात जुनेच

हेड गॅस्केटचं, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण (हेड) आणि खालचा ब्लॉक यांच्यामधल्या, कुलंट आत रोखणाऱ्या पट्टीचं काम काढलं असेल तर आधी हे वाचा. हेड ब्लॉकवर आवळून धरणारे ते हेड बोल्ट. माझ्या बिलावर 'हेड बोल्ट सेट, नवीन' असं ठळक लिहिलं होतं, पैसेही नव्याचेच घेतले आणि इंजिनात बसवले जुनेच.

थोड्याच दिवसांत कुलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) कमी व्हायला लागलं. बाहेर कुठे थेंब नाही. मग सकाळी स्टार्ट केल्यावर बराच वेळ पांढरा धूर, कुलंटच्या टाकीत बुडबुडे. गॅरेजवाला म्हणे, "तुम्हीच गाडी तापवली असणार." खापर गिऱ्हाइकाच्या डोक्यावर फोडायची यांची ठरलेली तऱ्हा!

दुसऱ्या मेकॅनिकने हेड खोललं तेव्हा बिंग फुटलं. काही बोल्ट हलक्या हाताने सुटले, काहींना पान्याला पाइप लावावा लागला. एक बोल्ट पुसून त्याने कोऱ्या बोल्टशेजारी धरला. आमचा लांबीला जास्त, आट्यांच्या वरच्या बाजूला कंबर बारीक झालेली, आणि आट्यांत जुना काळा कीट. एका भोकात तर तळाशी तेल तसंच साचलेलं.

बऱ्याच नव्या इंजिनांत हे बोल्ट ताणूनच बसवायचे असतात. आधी ठरलेला टॉर्क (फिरवण्याचा जोर) द्यायचा, मग कोन मोजून आणखी फिरवायचा. कुठे 90 अंश, कुठे दोनदा 90. त्यात बोल्ट किंचित कायमचा लांबतो आणि त्या ताणावरच गॅस्केट सगळीकडून सारखं दाबलेलं राहतं. एकदा ताणलेला पुन्हा ताणला की पकड कमी पडते, कधी आवळतानाच तुटतो. काही इंजिनांत लांबी मोजून जुने वापरायला कंपनीची परवानगी असते, पण मग नव्याचं बिल कशाला?

"इतकी वर्षं करतोय, हाताला कळतं," हेही पहिल्या गॅरेजवाल्याने ऐकवलं. काय कळणार? पान्यावर लावलेला बहुतेक जोर घर्षणातच जातो, बोल्ट ताणायला उरतो साधारण दहावा हिस्सा. आटे घाण असले की टॉर्क रेंच (जोर मोजणारा पाना) आकडा बरोबर दाखवतो आणि हेड मात्र सैलच. बंद भोकात तेल राहिलं तर ते दबत नाही, बोल्ट त्यावरच अडतो. ब्लॉकला तडासुद्धा जातो.

म्हणून नव्या बोल्टचं पाकीट समोर फोडायला लावा आणि जुने घरी न्या. मी मागितले होते, तर "भंगारात गेले" म्हणाला, तिथेच पाणी मुरत होतं. आवळताना जमलं तर शेजारी उभे राहा. मधल्या बोल्टपासून बाहेरच्या दिशेने, मॅन्युअलमधल्या क्रमाने आणि टप्प्याटप्प्याने काम व्हायला हवं. कोनासाठी बोल्टच्या डोक्यावर मार्करची खूण किंवा अँगल गेज दिसायला हवं. एका टोकाकडून इम्पॅक्ट गन (झटक्यांनी आवळणारं यंत्र) चालवायला लागला तर तिथेच हात धरा.

बिल आणि जुने बोल्ट टेबलावर ठेवल्यावर पहिल्या गॅरेजवाल्याने बोल्टचे पैसे निमूट परत दिले. दुसरं गॅस्केट, कुलंट आणि पुन्हा दिलेली मजुरी मात्र माझ्याच खिशातून गेली.